मांडीवरचा खटला

“आम्ही मराठी नव्हेच,” साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून नरसिंगराव ओरडत होते. “आमचे आजे नव्हते, पणजे नव्हते, आमच्या घरची म्हैससुद्धा मराठी नव्हती. आम्ही इथले. तमिळ. लिहून घ्या.”

हे सगळं ते तमिळमध्ये ओरडत होते. मध्येच खोकल्याची उबळ आली तेव्हा मात्र “अगो आई गो” म्हणून मराठीत कण्हले. ते कोणी लिहून घेतलं नाही. कोर्टात माणूस ओरडतो ते लिहून घेतात, कण्हतो ते घेत नाहीत. माझ्या तोकड्या वकिलीत मी शिकलेला हा पहिला आणि शेवटचा धडा.

“राव, हळू,” जज्जसाहेब म्हणाले. “बाहेर वारा आहे, आत तुम्ही आहात. कोर्टाने कोणाकोणाचं ऐकायचं?”

परवा तोच वारा पुन्हा सुटला. आडीचा वारा. आषाढ-श्रावणाच्या सांध्यावर आमच्या तंजावरात तमिळ आडी महिना लागतो आणि कावेरीच्या सगळ्या त्रिभुज प्रदेशाला कोणीतरी फुंकर घालायला बसतं. इकडची म्हण आहे की आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो. बाहेरच्यांना ती नुसती म्हण वाटते. मी पाटा उडताना पाहिलेला माणूस आहे. मागून वरवंटा धावत होता. एका आडीत आमच्या गल्लीतली शेळी उचलली गेली ती पापनाशमला उतरली, आणि वारा एकाच बाजूला वाहत असल्यामुळे बिचारीला परत बसने यावं लागलं. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी कंडक्टरला विचारावं.

कालव्यांना नवं गढूळ पाणी आलेलं असतं. चिखलाचा आणि कोवळ्या भाताच्या रोपांचा एक ओला, हिरवट वास गावभर हिंडतो. माडांच्या झावळ्या दिवसभर भांडणाऱ्या जावांसारख्या एकमेकींना फटकारत असतात. दातांखाली वाळू, डोळ्यांत वाळू, कॉफीत वाळू. इतरांना ऋतू बदलला की कोणाची तरी आठवण येते. मला आडीच्या वाऱ्याने फक्त राग येतो. इतकी वर्षं झाली, राग अजून ताजा आहे, जणू आज सकाळीच दळून आणलाय.

नरसिंगरावांचं सांगतो. आमच्या तंजावरच्या मराठी मंडळींत ते मराठीचे स्वयंघोषित किल्लेदार. राजांच्या काळात आपला पूर्वज घोड्यावर बसून आला, असं सगळीच घराणी सांगतात. ह्यांचा पूर्वज घोड्याच्याही पुढे धावत आला होता. त्यांच्या घरी पंगतीत कोणी तमिळमध्ये ‘तण्णी’ मागितलं तर त्याला पाणी मिळत नसे. ‘पाणी’ म्हणेपर्यंत घास घशात. त्यांच्या धाकट्या मुलाला एकदा असाच ठसका लागला, पोर निळं पडलं, तरी हे तांब्या हातात धरून “काय पायजे? नीट सांग” म्हणत बसले होते. मी स्वतः त्या पंगतीत होतो. मी मुकाट्याने माझं भांडं त्या पोराकडे सरकवलं आणि जन्मभराचा शत्रू झालो.

तर हा माणूस देवाची शपथ घेऊन भर कोर्टात सांगत होता की आम्ही मराठी नव्हे. आणि कशासाठी? भावजय आई होऊ नये म्हणून.

भावजय म्हणजे अंबूकाकू. नरसिंगरावांच्या थोरल्या भावाची बायको. मूलबाळ नाही. भाऊ गेला तेव्हा वाटणी आधीच झालेली होती. मेल वीथीतलं घर आणि तिरुवैयारूच्या रस्त्यावरची थोडी भातजमीन काकूकडे राहिली. राहिली म्हणजे काय, जुन्या कायद्याने विधवेकडे मालमत्ता राहायची ती पाहुण्यासारखी. खा, प्या, पण विकू नका, कोणाला देऊ नका. तुम्ही डोळे मिटलेत की नवऱ्याचा भाऊ घेऊन जाईल. काकू जरा शिंकली तरी नरसिंगराव चौकशीला यायचे. इतका प्रेमळ दीर उभ्या मद्रास राज्यात नव्हता.

काकूला मूल हवं होतं. इस्टेटीला वारस म्हणून नव्हे. तिला कोणावर तरी ओरडायचं होतं. घरात ओरडायला कोणी नसलं की बाई आतून गंजते, असं ती म्हणायची. आणि तिने निवडला मला. मी तिच्या नवऱ्याच्या लांबच्या चुलतभावाचा मुलगा. पापनाशमला माझे वडील शाळामास्तर होते आणि घरात मुलांचा इतका सुकाळ की एखादा कमी झाला तर महिन्याने लक्षात यायचं. मी तेव्हा लहान नव्हतो. मिशा होत्या. वकिलीची परीक्षा पास होऊन तंजावरच्याच एका सीनियरांच्या हाताखाली लागलो होतो. अंगावर काळा कोट होता, तो आधी कोणाच्या अंगावर होता ते विचारू नका. उंचीला बरा होतो, आणि रुंदीही उंचीला लाज आणेल अशी नव्हती.

दत्तकाच्या विधीत मुलाला मांडीवर बसवतात. आईने त्याचं मस्तक हुंगायचं. शास्त्र आहे. शास्त्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाळण्यातलं बाळ असणार. त्याने मला पाहिलं नव्हतं. काकू म्हणजे वाळत घातलेल्या नऊवारीएवढी बाई, आणि तिच्या मांडीवर मी. भटजी म्हणाले, “जरा टेकल्यासारखं करा, पुरे.” काकू म्हणाली, “टेकल्यासारखं काय? नीट बैस, वेंकू. पोराने आईच्या मांडीवर पाहुण्यासारखं बसू नये.” मी बसलो. मंत्र लांब होता. भटजींना मध्येच एक ओळ आठवेना, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काकूचा चेहरा देवीच्या मूर्तीसारखा, हलला नाही. तिने माझं मस्तक हुंगलं आणि हळूच म्हणाली, “खोबरेल बदल. खवट आहे.” ते तिचं आई म्हणून पहिलं वाक्य.

नंतर बायकांनी तिला उठवलं तेव्हा ती लंगडत होती. “दुखलं का गो?” कोणीतरी विचारलं. “छे,” ती म्हणाली.

इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचा सगळा अनर्थ त्या खोडीचा. आम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा करतो. एकदा मराठी रीतीने, एकदा इकडच्या. संक्रांतीला तीळगूळही करतो आणि अंगणात पोंगलही उतू जाऊ देतो. लग्नात मुलीच्या गळ्यात काळे मणीही आणि ताळीही. देव दोन, पंचांगं दोन, सणाला गोडाचे प्रकार दोन. कोणता देव रागावेल सांगता येत नाही, म्हणून दोघांनाही खूश ठेवायचं. त्या दिवशी शेजारच्या कामाक्षी मामी चांदीचं टंबळर घेऊन आल्या. त्यात हळदीचं पाणी. तमिळ लोकांत दत्तक घेणारी आई हळदीचं पाणी पिते. “अंबू, एक घोट घे,” मामी म्हणाल्या, “ह्याच्याशिवाय पोरगं चिकटत नाही.” काकूने एक घोट नाही, अख्खं टंबळर रिकामं केलं. म्हणाली, “दोन गाठी मारल्या की सुटत नाही.”

त्याच दुसऱ्या गाठीने आमचा गळा धरला.

नरसिंगरावांनी दावा लावला. आधी म्हणाले, दत्तक झालंच नाही, ह्या जाड्या वकिलाने सगळं रचलंय. आणि झालं असेल तर ते बेकायदा. इथे कायदा जरा समजून घ्या, मला समजायला फी भरावी लागली होती. त्या काळी हिंदू विधवेने दत्तक घ्यायचं तर ती कोणत्या मुलखाची त्यावर सगळं होतं. मुंबईकडच्या कायद्यात विधवेने कोणाला विचारायची गरज नाही, आणि दत्तक मुलाला मिशा असल्या तरी चालतात. मद्रासकडच्या कायद्यात नवऱ्याने मरण्याआधी परवानगी दिलेली हवी. नसेल तर नवऱ्याच्या भाऊबंदांची हवी.

म्हणजे कोणाची? नरसिंगरावांची. तिला मूल झालं तर ज्याच्या तोंडचं घर जातं त्याची. मांजराची परवानगी काढून दुधावर झाकण ठेवायचं. हे मोठमोठ्या पगड्या बांधलेल्या विद्वानांनी लिहिलं, त्यावर टीका लिहिल्या, टीकेवर टिप्पण्या लिहिल्या, आणि शेकडो वर्षं एकालाही हसू आलं नाही. मला अजून वाटतं, त्यातल्या एकाला तरी काकूच्या मांडीवर बसवायला हवं होतं. एक मंत्र पुरा होईपर्यंत.

आमची बाजू सरळ होती. माणूस मुलूख सोडून गेला तरी आपला घरचा कायदा पेटीत घालून बरोबर नेतो, असं कोर्टच मानतं. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून आले, तेव्हा आमचा कायदा तिकडचा. तो आम्ही टाकून दिला आणि इकडचा घेतला, हे नरसिंगरावांनी सिद्ध करायचं. आणि म्हणून तो किल्लेदार पिंजऱ्यात उभा राहून स्वतःचा किल्ला पाडत होता.

त्या आडीचे पहिले दोन आठवडे ह्यात गेले. खिडक्यांची दारं आपटत, कागदांवर दगड ठेवलेले, पंख्याची दोरी ओढणारा शिपाई वाऱ्यामुळे बेकार होऊन जांभया देत, आणि शिकलेसवरलेले लोक तावातावाने वाद घालतायत की रसवांगी मराठी की तमिळ. शपथेवर सांगतो. रसवांगी म्हणजे वांग्याची आमटी, आमच्या घरोघर होते. नरसिंगरावांचा वकील म्हणाला, त्यात खोबरं आणि उडदाची डाळ पडते, सबब तमिळ. आमचे सीनियर म्हणाले, नाव ‘वांगी’, सबब मराठी. जज्जसाहेब मलबारचे. त्यांच्याकडे इस्टेट मामाकडून भाच्याला जाते, त्यामुळे त्यांना जगातली कोणतीच रीत विचित्र वाटत नव्हती. त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि चव कशी असते?” दोन्ही वकील कागद चाळू लागले. कोर्टाचे निम्मे साक्षीदार जेवणावर खर्च झाले. उरलेले साड्यांवर. काकूची नऊवारी कशी नेसलेली आहे ह्यावर त्यांच्या वकिलाने इतकं बारीक भाषण केलं की मला टेबल ओलांडून त्याच्या अंगावर जावंसं वाटलं. एक म्हातारी बाई मधोमध उभी आणि चार पुरुष तिचा कासोटा कोणत्या प्रांताचा ते ठरवतायत. ह्याला न्यायदान म्हणतात. रस्त्यावर कोणी असं केलं तर चोप खाईल.

बार रूममध्ये तेव्हा दुसराच वणवा पेटलेला. दिल्लीत हिंदूंचे नवे कायदे येणार, मुलीला वाटा मिळणार, बायको सोडून जाऊ शकणार. तंबाखू मळत एक जुने वकील म्हणायचे, “मुलगी वाटा मागेल, मग भाऊ तिला सणाला बोलावेल का?” मी एकदा विचारलं, “आता बोलावता का?” त्यांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांची बहीण पलीकडच्याच गल्लीत राहायची. दिवाळीला आमच्याकडे यायची.

मग कामाक्षी मामींची साक्ष. नरसिंगराव म्हणत होते दत्तक झालंच नाही, तेव्हा ते झालं हे सांगायला आम्हीच त्यांना बोलावलं होतं. मामी ठेवणीतली पट्टूची साडी नेसून आल्या. जज्जांना नमस्कार केला, शिपायाला केला, भिंतीवरच्या घड्याळालाही केला.

“तुम्ही दत्तकविधी डोळ्यांनी पाहिला?” सीनियरांनी विचारलं.

“पाहिला म्हणजे? मी नसते तर झालाच नसता.”

सीनियरांच्या लक्षात आलं. ते घाईने म्हणाले, “बस, एवढंच.” पण मामींना तर आता कुठे रंग चढला होता.

“हळदीचं पाणी मीच दिलं, सार. माझ्या हाताने कालवलं. अंबूने थेंब ठेवला नाही. आमच्याकडे पितात तसंच, तिन्ही सांजेच्या आत, पूर्वेला तोंड करून. त्याशिवाय पोरगं चिकटतं का? तुम्हीच सांगा.”

नरसिंगरावांच्या वकिलाने उलटतपासणीसाठी उठताना असा चेहरा केला की जणू त्याच्या ताटात कोणी न मागता पुरणपोळी वाढली. “म्हणजे मामी, तमिळ रीतीप्रमाणे?”

“मग कोणत्या? रीत म्हणजे रीतच.” आणि आमच्याकडे बघून त्या हसल्या. आपण खटला जिंकून दिला अशी त्यांची खात्री होती. सीनियरांनी तपकिरीची डबी उघडली आणि चिमूट न घेताच मिटली.

दुसऱ्या दिवशी काकू पिंजऱ्यात. वारा असा होता की पदर सावरायला तिला दोन्ही हात लागत होते. शपथ घेताना एक हात सोडावा लागला, तेवढ्यात पदर उडाला आणि तिचं केस काढलेलं डोकं सगळ्यांना दिसलं. कोर्टात कोणी मान खाली घातली नाही. मी घातली. मला त्या कोर्टाचा त्या क्षणी इतका संताप आला की काळा कोट अंगाला चावू लागला.

“तुम्ही हळदीचं पाणी प्यायलात?” त्यांच्या वकिलाने विचारलं.

“प्याले.”

“का?”

“शेजारीण प्रेमाने घेऊन आली. नको कसं म्हणायचं?”

“म्हणजे तुम्ही तमिळ रीत पाळता.”

“आणि थुंकून दिलं असतं तर मी मराठी झाले असते का, सार?”

कोणीतरी हसलं. वकील हसला नाही. “प्रश्न सरळ आहे, बाई. तुम्ही मराठी की तमिळ?”

काकूने पदर पुन्हा डोक्यावर ओढला. मग म्हणाली, “लग्न होईपर्यंत मी माझ्या बापाची मुलगी. मग ह्यांची बायको. मग त्यांची विधवा. आता वेंकूची आई. हे सोडून पाचवं काही मला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही पहिले.”

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. मला वाटलं, जिंकलो. तरुण होतो. साहेब दिवाणखान्यातल्या गाण्याला दाद द्यावी तसे मान हलवून थांबले आणि त्यांनी लेखणी पुन्हा उचलली.

निकाल आला. हे घराणं पिढ्यान्पिढ्या इथे राहिलं, इथलं जेवलं, इथल्या रीतीने लग्नं लावली, आणि दत्तकासारख्या गंभीर प्रसंगी बाई हळदीचं पाणी प्याली, त्यावरून दिसतं की त्यांनी इथला कायदा स्वीकारला. दिराची परवानगी नाही. दत्तक रद्द. मी पुन्हा पापनाशमच्या मास्तरांचा मुलगा झालो. एका टंबळरभर पाण्याने माझी आई काढून घेतली. आणि ज्या नरसिंगरावांनी उभा जन्म कोणाला ‘तण्णी’ म्हणू दिलं नाही, ते कोर्टाच्या पायऱ्यांवर मराठीत पेढे वाटत होते. “घ्या, घ्या, तोंड गोड करा.” मलाही दिला. मी खाल्ला. पेढ्याचा काय दोष? पण इतक्या रागाने मी आयुष्यात काही गोड खाल्लेलं नाही.

त्याच आठवड्यात आडीचा अठरावा आला. त्या दिवशी इकडच्या सगळ्या बायका नवं पाणी पुजायला नदीवर जातात. डब्यांतून चिंचेचा भात, खोबऱ्याचा भात, गुळाचा भात. पिवळे दोरे, फुलं, आणि मूठमूठ हळद पाण्यात. आम्ही तिरुवैयारूला गेलो. काकू विधवा, तिने पूजेला शिवायचं नाही, म्हणून ती वरच्या पायरीवर बसली. खाली हजार बायकांची हळद. नदी काठाकाठाने पिवळी झाली होती. मला वाटलं, आता आख्खी कावेरीच हळदीचं पाणी झाली. हिच्या काठी जो जो ओंजळभर पाणी पितो त्याला घेऊन टाका म्हणावं तुमच्या कायद्यात, आणि कोण कोणाचं पोर ते ठरवा.

कामाक्षी मामी रडत होत्या. निकालाचा अर्थ त्यांना कोणीतरी समजावून सांगितला होता. “अंबू, माझ्या जिभेला काय झालं होतं गं. मी तुझं वाटोळं केलं.”

काकू त्यांच्यासाठी पानावर भात वाढत होती. “तू खरं बोललीस,” ती म्हणाली. “खरं बोलल्यावर वाटोळं होत असेल तर ते तुझ्या जिभेचं नव्हे. खा. लिंबाचं लोणचं आणलंय.”

मी पाय धुवायला खाली उतरलो. पाणी चांगलंच वेगात होतं. वरून काकू ओरडली, “वेंकू, पुढे जाऊलालास कुठे? ओढ आहे. मागे हो.”

“बरं, आई,” मी म्हणालो.

दत्तक झाल्यापासून त्या दिवसापर्यंत हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नव्हता. इतक्या मोठ्या माणसाला लाज वाटते हो. सवयीने ‘काकू’च यायचं. तिने डोळे बारीक केले. “कोर्ट नाही म्हणालं ना?”

“मी अपील केलंय.”

मी वर आलो तेव्हा तिने दुसऱ्यांदा भात वाढला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त होता.

खरं अपील मद्रासला करायची सीनियरांची फार इच्छा होती. काकू म्हणाली, “तिथेही रसवांगीच विचारतील. इथे तरी ती खाल्लेली माणसं होती.” मी त्याच महिन्यात कोट उतरवला. सीनियर रागावले, वडील पापनाशमहून धावत आले, म्हणाले, फी भरून वकील केला आणि हा काय करणार? मी म्हणालो, जिथे कायदा ठरतो तिथे जाऊन बसतो. तुमचा कायदा शेवटी स्वयंपाकघरातच ठरला ना? मग तिथेच बसलेलं बरं. काकूच्या घराच्या ओसरीवर, कोर्टाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मी कॉफी-टिफिनचा क्लब काढला; इकडे खानावळीला क्लब म्हणतात. काकू आत ओरडायची, मी बाहेर. तिला हवं होतं ते मिळालं. रसवांगी पानावर वाढताना मी प्रत्येक वकिलाला विचारायचो, “कोणती वाढू, साहेब, मराठी की तमिळ? भांडं एकच आहे.” नरसिंगरावांचा तो वकीलही यायचा. दोनदा मागून घ्यायचा. मी वाढायचो. रागावलेल्या माणसाने वाढलेलं अन्न जास्त रुचतं, हे त्याच्यावरून कळलं. सीनियर रोज सकाळी येत आणि कॉफी संपवून म्हणत, “तू वकील सुमार होतास.” मी ते प्रशस्तिपत्र समजतो.

आणि मग दिल्लीचा कायदा आला. निकालाची शाई नीट वाळलीही नव्हती. विधवेच्या ताब्यात जे आहे त्याची ती पुरी मालकीण. विका, द्या, जाळा, कोणी विचारायचं नाही. वर दत्तक घ्यायला दिराची परवानगी नको, मराठी-तमिळ नको, काही नको. काकू जिच्यासाठी त्या पिंजऱ्यात उभी राहिली होती ती गोष्ट आता पोस्टाच्या पाकिटासारखी कोणालाही मिळत होती. फक्त मूल पंधरा वर्षांच्या आतलं हवं. मी माझ्या मिशा चाचपून पाहिल्या. शतकानुशतकं झोपलेला कायदा जागा झाला तो नेमका माझं वय उलटल्यावर. मला विचाराल तर न्याय आमच्या गावच्या बससारखा आहे. येतो नक्की. पण तुम्ही चालत घरी पोचून जेवायला बसलात की.

पुढे काही वर्षांनी, पुन्हा आडीतच, नरसिंगराव क्लबात आले. वाऱ्याने उपरणं गळ्याभोवती आवळलं होतं, आणि हाताला धरून आणलेला त्यांचा नातू. पाच-सहा वर्षांचं गोड पोर होतं, त्याचा काही दोष नाही. मी त्याला पोळी दिली. काकू मागच्या ओसरीवर वांगी चिरत बसली होती, पाय पुढे पसरून. खाली बसलं की अलीकडे तिला उठायला खांब लागायचा.

“वहिनी,” नरसिंगरावांनी सुरुवात केली, आणि काय मराठी ती. अशी शुद्ध मराठी मी पुण्याहून देऊळ बघायला आलेल्या पाहुण्यांकडूनसुद्धा ऐकलेली नाही. आपण मराठी माणसं, वहिनी. परमुलखात आपलं घराणं टिकायला हवं. थोरल्या दादाच्या नावाने पाणी सोडायला कोणी नको का? आपल्यात कधीपासून रीतच आहे, घरातलंच मूल मांडीवर घ्यायचं. हा माझा नातू, म्हणजे आपलंच रक्त. आता कोणाची परवानगीही लागत नाही. विधी आपण मराठी पद्धतीने करू, भटजी मी आणतो. झालं गेलं कावेरीला मिळालं.

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले होते, ते खरेच भरले होते, हे मी कबूल करतो. मी दाराशी कॉफीचं भांडं धरून उभा होतो आणि आतून इतका उकळत होतो की कॉफी निवायचं नाव घेईना. मला वाटलं, आता काकू बोलेल. तो पिंजरा, ते उघडं पडलेलं डोकं, कोर्टाच्या पायऱ्यांवरचे पेढे, सगळं एकदाचं बाहेर काढेल. ओरडायला तर तिला आवडायचंच. मी ऐकायला सरसावून उभा राहिलो.

काकूने हातातलं वांगं चिरून पाण्यात टाकलं. पोराकडे बघितलं, मला खुणेने त्याला आणखी एक पोळी द्यायला सांगितलं. मग दुसरं वांगं उचललं.

“भावजी,” ती म्हणाली, “माझी मांडी दुखते.”